आईच्या नावानं शिलाई मशीन वाटायच्या की तारखेचं गाडीभाडं द्यायचं?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. मी इथं नुसती वाचत असते, लिहायला कमीच येते, पण आज सल्ला पाहिजे म्हणून धागा काढतेय. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आईला जाऊन येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी वर्ष होईल. आम्ही तिघं. दादा गावी शेती बघतो, चोपडा तालुक्यात, मी पुण्यात आणि धाकटी धुळ्याला दिलेली. आईच्या खात्यात तीन लाख निघाले. तिच्या नावावर दोन एकर आहे, त्याची बटाई ती कधी खर्चच करायची नाही, ना अंगावर काही घेतलं ना कुठं फिरायला गेली, पोस्टात टाक नाहीतर बँकेत टाक. तिघांचं एकमत झालं की हे पैसे वाटून घ्यायचे नाहीत, तिच्या नावानं बायकांसाठी काहीतरी करायचं. इथपर्यंत गोडीगुलाबीनं झालं.

दादाचं म्हणणं, शिलाई मशीन वाटू. गावात मांडव टाकू, सरपंचांना बोलवू, जमलं तर आमदारांना, प्रत्येक मशीनवर आईच्या नावाची पट्टी, वरून वरण-बट्टीचं जेवण. मला मशीनचं वावडं नाही हो, पण आमच्याच गल्लीत मागं कुणीतरी वाटलेल्या मशीनी आहेत, त्यातल्या एकीवर लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या मी स्वतः बघितल्या. गावात ब्लाऊज शिवून घेणाऱ्या किती आणि शिवणाऱ्या किती, काही हिशोब?

मला वाटतं बायकांच्या हक्काच्या कामाला द्यावं. मारहाणीच्या केसेस, पोटगी, जमिनीत नाव, बालविवाह थांबवणं वगैरे. पण कुणाला द्यायचे, कसे द्यायचे आणि तीन लाखात होतं तरी काय, यातलं काहीच कळत नाही. दादा म्हणतो, तू दुसऱ्यांची घरं मोडायला पैसे देणार का?

अहिराणी_भो

ताई, मशीन वाटप म्हंजे आमदारनं भाषन ऐकानं आनि दोन तास उनमा बसानं. मन्ही माय सांगे, उजवा हातनं देवानं त डावाले समजाले नको. आते बठ्ठा लोके फोटो काढीसनच देतस.

खापरावरची_पोळी

मशीनला एवढं हसू नका हो. माझ्या आईनं एका जुन्या मशीनवर आम्हा चौघींना शिकवलं, जळगावात, फॉल-पिको करून. वडील असून नसल्यासारखे होते. मशीन होती म्हणून ती कुणाच्या दारात गेली नाही. फक्त एवढंच की ती तिनं स्वतः हप्त्यानं घेतली होती, तिला येत होतं म्हणून घेतली होती, कुणी मांडवात बोलवून हातात दिली नव्हती. फरक तिथं आहे.

भुसावळ_जंक्शन

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. संस्थावाले निम्मे पैसे खातात. आणि बायकांच्या कायद्यांचा गैरवापर किती होतो ते पण बघा, माझ्या मित्राची आई सत्तर वर्षांची, तिचं नाव पण केसमध्ये घातलं होतं. त्यापेक्षा मुलींच्या शाळेत पाण्याची टाकी द्या, डोळ्यांनी दिसते तरी.

काळा_कोट

भुसावळवाले भाऊ, तुमच्या मित्राच्या आईबद्दल वाईट वाटलं, असं होतं हे मी नाकारत नाही. पण तुम्ही म्हणता तो फौजदारी कलमाचा विषय, सासरच्या छळाचं पूर्वीचं ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५. ताई म्हणतात त्यातल्या बऱ्याचशा बायका त्या वाटेला जातच नाहीत. त्या येतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली. त्यात बाई काय मागते? मारू नका असा आदेश, राहायला छप्पर, खायला पोटगी, लेकरू स्वतःकडे. नवऱ्याला आत टाका असं ती म्हणतच नसते. उलट निम्म्या जणी मला पहिल्या भेटीत हेच विचारतात की मॅडम, त्यांना पोलीस नेणार नाहीत ना?

आता कायद्यात लिहिलंय की अर्ज आल्यावर साधारण ३ दिवसांत पहिली तारीख आणि ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा. मी तालुका कोर्टात अकरा वर्षं काम करते. साठ दिवसांत निकाल लागलेली केस मला आठवत नाही, आठवली तर इथं येऊन पेढे वाटेन.

आणि एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा आहे, तालुक्याच्या कोर्टातच अर्ज करायचा. म्हणजे वकिलाच्या फीला पैसे देण्याची गरज नाही. मग बायका केस सोडून का देतात? तारखांमुळं. तारखेला यायचं म्हणजे त्या दिवसाची निंदणीची नाहीतर कापूस वेचणीची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं, लेकरू सोबत तर त्याचं खाणं, झेरॉक्स, आणि दुपारी तीनला कळतं की समोरची पार्टी आलेलीच नाही, पुढची तारीख घ्या. असं आठ वेळा झालं की बाई नवव्यांदा येत नाही. नवरा काही करत नाही, तो नुसता थांबतो.

जुनी_कार्यकर्ती

काळा कोट ताई, अगदी हेच. मी तीस वर्षं हे काम केलं, आता गुडघे गेले म्हणून घरी असते, म्हणून लांब लिहिते.

तापीकाठच्या बाई, तुमच्या दादांना 'घर मोडणं' वाटतं ते मी रोज ऐकलंय. मी पहिल्यांदा एका बाईला घेऊन पोलीस स्टेशनला गेले तेव्हा तिच्या सासऱ्यानं मला विचारलं होतं, तुमच्या घरी कुणी नाही का? म्हणजे असलं काम करणारी बाई बिनघरचीच असणार.

आता पैशाचं सांगते. देणगीदार आमच्याकडं यायचे तेव्हा त्यांना द्यायचं असायचं वस्तूंसाठी. साड्या, ब्लँकेट, मशीन, दप्तरं. आम्हाला पाहिजे असायचं कार्यकर्तीचं मानधन. एक कार्यकर्ती म्हणजे काय, तर रात्री साडेअकराला फोन आला की उचलणारं माणूस. ठाण्यात बाईच्या शेजारी बसणारं, संरक्षण अधिकाऱ्याकडं (२००५ च्या त्याच कायद्याखालचा सरकारी माणूस) घरगुती घटना अहवाल भरून घेणारं, समन्स बजावलं गेलं का म्हणून चार वेळा विचारायला जाणारं. ही गोष्ट फोटोत येत नाही. 'प्रशासकीय खर्च' म्हणून तिच्यावरच पहिली काट मारतात. एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, पगारातच पैसे गेले तर बायकांना काय मिळालं? मी म्हटलं, भाऊ, डॉक्टरच्या पगाराला देऊ नका, नुसत्या खाटा द्या, बघू किती पेशंट बरे होतात.

दुसरं म्हणजे एकदाच देऊन मोकळे होऊ नका. आमची एक संस्था बंद पडली ती पैसा कमी होता म्हणून नाही, पैसा एका वर्षाचाच होता म्हणून. केस चालते चार वर्षं आणि अनुदान संपतं मार्चला. बाईला काय सांगायचं, एप्रिलपासून मार खा?

थोडा इतिहास सांगते, कारण आपल्याकडं हे नवीन नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी. त्याच्या मागं बोस्टनमधल्या लोकांचा पैसा होता, १८८७ ला तिथं रमाबाई असोसिएशन झालं आणि त्यांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. दहा वर्षं! आज कोण देतं असं लिहून? त्या सदनात पहिल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होती. तिचं १८९३ ला धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, तीच बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ ला विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. बायाची बहीण पार्वतीबाई आठवले, ती पण विधवा, ती गावोगाव वर्गणी मागत फिरली आणि पुढं पार अमेरिकेत जाऊन निधी जमवून आली. १९१६ ला महिला विद्यापीठ झालं. आणि मग १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि आपल्या आईचं नाव दिलं, नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी म्हणतो ते हेच. तर आईचं नाव द्यायची हौस काही वाईट नाही, दादांना सांगा. पण ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या आधी पार्वतीबाईंच्या झोळीतली चिल्लर आहे आणि तिच्याही आधी एका बाईची दोन वेळची सोय करणारा बोस्टनचा पैसा आहे.

केळीवाला_रावेर

काकू, ही साखळी माहीत नव्हती. पण आपल्या खान्देशात कुठं शेठ लोकांनी बायकांच्या हक्कासाठी दिलंय? अमळनेरच्या प्रताप शेठजींनी कॉलेज, तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, मोठंच काम. धर्मशाळा, पाणपोया, गोशाळा तर गावोगाव. बाईला न्याय मिळावा म्हणून कुणी पावती फाडल्याचं मी ऐकलं नाही.

सातपुडा_पायथा

पावती नसेल फाडली पण काम झालंय भाऊ, ते पण तुमच्यापासून लांब नाही. १९७२ नंतर शहादा-तळोद्याकडं श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारला. पुण्या-मुंबईत स्त्रीमुक्तीच्या परिषदा व्हायच्या आधीची गोष्ट. कुणाचं अनुदान नव्हतं, भाकरी फडक्यात बांधून निघायच्या.

पण 'बघा, पैशाशिवाय होतं' असा अर्थ काढू नका, कारण त्यांची मजुरी बुडायचीच, म्हणजे सर्वात गरीब बाईच स्वतःच्या खिशातून देणगी देत होती. आम्ही आता धडगाव-अक्कलकुव्याकडं काम करतो. इथं एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवलं की तिला त्याच रात्री पाड्यावरून बाहेर काढावं लागतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, संकटातल्या बाईला मदत आणि आसरा देणारं सरकारी सखी केंद्र आहे, फोन करायला १८१ नंबर आहे. केंद्र नंदुरबारला, बाई डोंगरात, फोनला रेंज नाही आणि जीपवाला रात्रीचे पैसे आधी मागतो. त्या जीपचं भाडं कुठल्याच योजनेत बसत नाही. दिवाळीनंतर तर अर्धे पाडे गुजरातला ऊसतोडीला गेलेले असतात, तिकडं काही झालं तर तक्रार कुठल्या राज्यात करायची इथून सुरुवात. कुणी मला विचारलं ना, पन्नास हजारात काय पाहिजे, तर मी म्हणेन जीपचं भाडं, आणि हिशोब विचारू नका असं नाही, विचारा, पण महिन्यानं विचारा, त्या रात्री नको.

कंपनीतला_कारकून

मी एका कंपनीत सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं समाजकामाला द्यायच्या पैशाच्या, फायली बघतो, नाव सांगत नाही, नोकरी जाईल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के द्यावे लागतात. कुठल्या कामाला, त्याची यादी आहे अनुसूची ७ मध्ये आणि त्यात स्त्री-पुरुष समानता, महिला सक्षमीकरण, महिलांसाठी वसतिगृहं असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे दार उघडं आहे. पण साहेबांना पाहिजे आकडा. ७०० मुलींना सॅनिटरी पॅड, ४० मशीन, ३ शौचालयं. 'यंदा २२ बायकांनी केस सोडली नाही' हा आकडा मी एकदा टाकला होता सादरीकरणात. साहेब म्हणाले, कोर्टबिर्ट नको, कुणीतरी पुढारी दुखावला जाईल.

आणि हे इथलंच दुखणं नाही. अमेरिकेत दानाची नीट मोजदाद होते, तिथं बायका-मुलींसाठीच्या संस्थांना एकूण दानातले जेमतेम २ टक्के जातात.

ताळेबंद

कराचं कुणीतरी लिहायलाच पाहिजे म्हणून लिहितो. संस्था १२ अ (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) वाली आहे का बघा. रोख २००० च्या वर दिलं तर ८० जी मिळत नाही, चेक किंवा ऑनलाइन द्या. पावतीवर थांबू नका, नमुना १० बीई मागा, तो संस्थेनं आयकर खात्याच्या साइटवरून काढून द्यायचा असतो. नवी करप्रणाली घेतली असेल तर ८० जी विसरा. धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब भरलेत का हे विचारा, जी संस्था विचारल्यावर चिडते तिथं देऊ नका. भुसावळवाले म्हणतात तसं खाणारे असतात, पण ते पाण्याच्या टाकीत पण खातात साहेब, बिलं मी बघतो.

नवीन ट्रस्ट काढायच्या भानगडीत पडू नका. तीन लाखासाठी ट्रस्ट म्हणजे म्हशीपेक्षा दावं महाग. चालू संस्थेला द्या आणि पत्रात लिहा की रक्कम कशासाठी.

भुसावळ_जंक्शन

टाकीचं बिल माझ्या ओळखीतलं नव्हतं 😀 ठीक आहे, वकील मॅडमचं पटलं थोडं. तरी पण दादा म्हणतो त्यात चूक काय? गावात राहायचं त्याला आहे, ताई पुण्यात.

तापीकाठची

भुसावळवाले भाऊंचा मुद्दा मला रात्रभर चावला. खरंय, दादाला तिथं राहायचंय.

पण 'घर मोडणं' वरून एक आठवलं. आमच्या शेजारची एक काकू होती, नवऱ्यानं दुसरी आणली होती. तिची पोटगीची केस चालू होती तेव्हा आई तिला गाडीभाडं द्यायची. मी सातवीत असेन. माझ्या काकांनी यावरून अंगणात उभं राहून भांडण काढलं होतं की वहिनी दुसऱ्याचं घर मोडायला पैसे देते. आई भांडी घासत होती, ती म्हणाली, घर त्याने मोडलं, मी तर नुसतं तिकीट काढून देते. बस. दादा पण तिथंच होता. त्याला आठवत नाही म्हणतो.

काळा_कोट

तापीकाठची ताई, एक विचारू? खासगी वाटलं तर उत्तर देऊ नका. त्या दोन एकराच्या सातबाऱ्यावर आता कुणाची नावं लागलीत?

तापीकाठची

अजून आईचंच आहे. वारस नोंद राहिलीये. दादा म्हणाला आखाजीला तुम्ही दोघी येणारच आहात, तेव्हा मशीनचा कार्यक्रम पण करू आणि कागदावर सह्या पण करून टाका.

वडिलांच्या जमिनीचं आम्ही दोघींनी २०११ ला हक्कसोडपत्र केलं होतं. सगळ्याच करतात.

खापरावरची_पोळी

थांबा. म्हणजे आईच्या नावानं बायकांच्या हक्काचा कार्यक्रम आणि त्याच दिवशी, त्याच मांडवात, आईच्या लेकींची हक्कसोडपत्रावर सही??

अहिराणी_भो

आरे देवा 🙏

काळा_कोट

मला हीच शंका होती. शांतपणे ऐका, भांडण लावत नाहीये.

वडिलांचं जे नोंदणी करून सोडलं ते सहजासहजी फिरत नाही. फसवून किंवा धमकावून सही घेतली असेल तर दावा करता येतो पण त्याला मुदत आहे, कळल्यापासून तीन वर्षं. ते जाऊ द्या. आईचे दोन एकर वेगळे. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५, बाई मृत्युपत्र न करता गेली तर मुलगे, मुली आणि नवरा हयात असेल तर तो, सगळ्यांना सारखा हिस्सा. तुम्ही तिघं आहात, तिघांना तिसरा तिसरा. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तुमचा आहे, पण कळून सवरून सोडा. 'सगळ्याच करतात' म्हणून नको. माहेर तुटेल या भीतीनं सह्या होतात हे मी रोज बघते आणि बायका मला सांगतात की प्रेमानं सोडलं. भावानं कधी बहिणीसाठी प्रेमानं सोडल्याचा एक दस्त मला अजून बघायचाय.

आपल्या महाराष्ट्रानं तर १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं धरलं होतं, त्या वर्षीच्या २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या सोडून. केंद्राचा कायदा २००५ ला आला आणि वडील तेव्हा हयात पाहिजेत का हा घोळ सुप्रीम कोर्टानं २०२० ला मिटवला, नसले तरी चालतं म्हणून. कायदा होऊन तीस वर्षं झाली, सातबारा मात्र अजून भावांच्याच नावांनी भरलेला.

केळीवाला_रावेर

एक विचारायचं राहिलं, आईच्या नावावर जमीन आली कशी? आमच्याकडं बाईच्या नावावर केळीचा एक घड नसतो.

तापीकाठची

वडील शेतकरी संघटनेचे. छातीवर लाल बिल्ला लावून फिरायचे. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, आई तिकडं ट्रकमध्ये बसून गेली होती, आयुष्यभर सांगायची, एवढ्या बायका एका जागी तिनं पुन्हा बघितल्या नाहीत. मग नव्वदच्या आसपास लक्ष्मीमुक्ती आली. ज्या गावात शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली तिथं संघटनेचे नेते शरद जोशी स्वतः यायचे. आमच्या गावात शंभर झाले की नाही मला माहीत नाही, पण वडिलांनी दोन एकर केली. आजी महिनाभर बोलली नव्हती त्यांच्याशी.

म्हणजे बघा ना, हे तीन लाख त्या दोन एकराच्या बटाईचे. आणि मी इथं तुम्हाला विचारतेय, दुसऱ्या बायकांच्या हक्काला पैसे कसे देऊ. स्वतःचंच हसू आलं.

जुनी_कार्यकर्ती

हसू नका, आम्ही कार्यकर्त्या पण अशाच. मी शेकडो जणींना हक्कसोडाचं समजावलं आणि माझ्या भावाला १९९८ ला सही देऊन आले.

खापरावरची_पोळी

विषयांतर होईल पण राहवत नाही. आमच्या घरी कानबाईच्या (आपल्या खान्देशातली श्रावणात बसणारी देवी) रोटाला, म्हणजे नैवेद्याला, गहू घेतात ते घरातल्या पुरुषांच्या नावानं, सव्वा सव्वा मूठ. पोटातलं बाळ मुलगा निघेल म्हणून त्याची पण एक मूठ घेतलेली मी बघितलीये. देवी बाई, दळणाऱ्या बायका, रांधणाऱ्या बायका, आणि मोजणीला पुरुष. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८४२ मुली होत्या, त्याआधी २००१ ला ८८० होत्या. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ती सव्वा मूठ आठवली.

सातपुडा_पायथा

पैशाकडं परत येऊ. छोट्या रकमेचं काय होतं असं विचारलंय म्हणून सांगतो. नेपाळात तेवा म्हणून महिला निधी आहे, रीता थापा यांनी नव्वदच्या दशकात सुरू केला. परदेशी पैशावर सगळं उभं राहू नये म्हणून नेपाळी माणसांकडूनच छोट्या छोट्या देणग्या गोळा करायच्या आणि खेड्यातल्या बायकांच्या गटांना द्यायच्या. तेवा म्हणजे टेकू. आपल्याकडं तर २०२० पासून परदेशी निधीचे नियम इतके घट्ट झालेत की एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देताच येत नाही. त्यामुळं तालुक्याच्या गटाला आता गावातल्याच माणसानं द्यायला पाहिजे.

काळा_कोट

आणि सुरुवात छोटी असली तरी पुढं सरकारच्या गळ्यात घालता येते. पोलीस ठाण्यातले महिला-बालकांसाठीचे विशेष कक्ष बघा, टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ ला मुंबईत सुरू केले, वीस वर्षं चालवून दाखवले, २००५ ला राज्याच्या महिला बालविकास खात्यानं आपलेसे केले. 'सरकारनं करावं' असं नुसतं म्हटल्यानं झालं नाही, आधी कुणीतरी करून दाखवलं.

तापीकाठची

दीड महिन्यानं येतेय, माफ करा. आखाजी झाली.

मी आणि धाकटीनं सही केली नाही. मांडव पडला, झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, सगळं झालं, आणि दुपारी दादानं कागद काढले. धाकटी आधी बोलली, मला वाटलंही नव्हतं. ती म्हणाली, आईचं आहे ना, मग आईच्या तीन लेकरांची नावं लागू दे, कसणार तूच आहेस, बटाई पण मागत नाही. वहिनी उठून आत गेली. दादा जेवला नाही. संध्याकाळी ओट्यावर बसून एवढंच म्हणाला, पुण्याला जाऊन तुला हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, तुझ्या बापानं. मग तो पण थोडा हसला, थोडाच. आता फोन करतो पण खतावर आणि पावसावरच बोलतो.

पैशाचं असं झालं: त्याच्या वाटचा लाख त्यानं मशीनला घातला, सहा जणींना दिल्या, पण खापरावरच्या ताईंचं ऐकून ज्यांना शिवता येतं त्यांनाच. आमदार आले नाहीत. आमचे दोन लाख तालुक्यातल्या एका चालू संस्थेला दिले, तीन वर्षांत मिळून, पत्रात लिहून की तारखेचं भाडं, बुडालेली मजुरी आणि कार्यकर्तीच्या मानधनाला हातभार. ताळेबंद भाऊंनी पत्राचा मसुदा करून दिला, फी घेतली नाही.

तापीकाठची

कानबाई बसायच्या आधी एक हिशोब टाकते, विचारलं होतं म्हणून. अकरा जणींना मिळून पहिल्या तीन महिन्यांत पंधरा हजाराच्या आत खर्च झाला. मला वाटलं होतं लगेच संपतील. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे त्याचा फार उपयोग झाला, खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा आणि रिक्षाचा. दोघी परत नांदायला गेल्या, एक जण तारखेलाच येईनाशी झाली, फोन लागत नाही. एकीला अंतरिम पोटगीचा आदेश झाला, पैसे अजून हातात नाहीत. भुसावळवाले भाऊंनी पाचशे रुपये पाठवले, वर लिहिलं होतं की टाकीतले उरले 😀

एक अडचण आहे. एका बाईची पुढच्या आठवड्यात जळगावला तारीख आहे, सकाळी साडेदहाला हजर पाहिजे, गावाहून पहिली गाडी पोचतच नाही तोवर. आदल्या रात्री राहायची सोय नाही. लॉजवर एकटी बाई लेकरू घेऊन जायला घाबरते. त्या बाई म्हणजे…

जुनी_कार्यकर्ती

नाव-गाव इथं टाकू नका! व्यनि (खासगी निरोप) करा. समोरची पार्टी पण मोबाइल वापरते.

खापरावरची_पोळी

माझं घर बसस्टँडपासून दहा मिनिटांवर आहे, मी आणि आई दोघीच असतो. येऊ द्या, मी घ्यायला जाईन. लेकरू केवढं आहे? दूध जास्तीचं सांगून ठेवते.